मालुबाई कडी वाजवत नाही

मालुबाईचं काम लोकांच्या घरी जायचं, आणि लोकांच्या दाराचीच तिला भीती वाटते. अंगणाच्या कडेला उभी राहते, पिशवी या हातातून त्या हातात घेते, एकदा खाकरते आणि आतून कुणी डोकावेपर्यंत थांबते. पहिल्यांदा मी तिच्याबरोबर गेले तेव्हा माझा पारा चढला. ऊन डोक्यावर, आणि ही बाई परक्या अंगणात खांबासारखी उभी. मी कडी वाजवायला हात उचलला तर तिनं माझा हात धरला. "नको बाई," म्हणाली, "आतलं माणूस दचकतंय."

स्वतः ती कशाकशाला दचकते ते विचारू नये. कुत्री, वीज, बसचा कंडक्टर, कानडीतून येणारा फोन. तिचा नवरा भरमू मच्छे गावच्या कारखान्यात आहे, माणूस गमत्या. "आमची ही स्वतःच्या सावलीला बी वाट देती," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, आणि मालुबाई त्यावरही हसायला घाबरते.

ती राहते ते गाव बेळगावजवळच्या उचगावच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं वाचतात आणि मग मला फोन करतात.

तिचं काम काय ते आधी सांगते. निम्म्या लोकांना ते अंगणवाडीचंच वाटतं. अंगणवाडीत पोर जातं तिसऱ्या वर्षानंतर. त्याच्या आधी ते घरात असतं आणि घराच्या हवाली असतं. आमच्या तालुक्यातल्या थोड्या गावांत सरकारी खर्चानं घरभेट योजना सुरू झाली, तिची मालुबाई ही सेविका. आठवड्यातून एकदा घरी जायचं, आईजवळ आणि बाळाजवळ बसायचं. बाळाशी बोलायचं कसं, वाटी-चमचा देऊन खेळवायचं कसं, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी कसं पाजत राहायचं, दवाखाना कधी गाठायचा, हे सगळं बसल्या बसल्या करून दाखवायचं. वाटायला काही नाही. तांदूळ नाहीत, अंडी नाहीत. त्यामुळं सरकारचा पैसा जातो कुठं ते कुणाला दिसत नाही.

त्या योजनेच्या समितीवर मी आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून पैशाचं बोलायला मला बसवलं असावं. पहिल्याच बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, की आमच्या आयांना कुणी शिकवायला आलं होतं का? मी म्हटलं, तुमच्या आईच्या घरात सासू, दोन जावा आणि एक विधवा आत्या होती. आजच्या सुनेच्या हातात मोबाईल आहे आणि सासू उजाडायच्या आत शेतात भांगलायला जाते. त्यांना पटलं नाही ते नाहीच. रस्त्यावर घातलेला पैसा याच निवडणुकीत दिसतो. दोन वर्षांच्या पोरावर घातलेला पैसा दिसेपर्यंत पुढारी बदललेले असतात. म्हणून या योजनेला मंजुरी मिळते ती एकेका वर्षाची. वर्ष सरत आलं की बेंगळुरूहून पथक येणार, चार घरं बघणार, आणि पुढं चालवायचं की बंद करायचं ते ठरवणार.

बंद पडायची भीती मालुबाईला होती, ती पगारासाठी नव्हे. तिला मूल नाही. गावात बारसं असलं की तिला बोलावणं असतं, पण पाळण्याजवळ नाही. ती चुलीकडं. घुगऱ्या शिजवायला, भांडी घासायला. निवडीच्या वेळी समितीतही कुजबुज झाली, की हिला बायका घरात घेतील का? मी विचारलं, भरमूच्या भावाची दोन पोरं आईच्या कामाच्या पाळ्या चालू असताना कुणी वाढवली? तिथं विषय संपला. आणि मग या सरकारी पिशवीच्या जोरावर मालुबाई पहिल्यांदा पाळण्यापर्यंत पोचली. गावातली तान्ही पोरं तिच्या मांडीवर यायला लागली. ती पिशवी गेली की ती परत चुलीकडं.

आता या गावचं एक विचित्र. विचित्र म्हणते खरी, पण आमच्या बेळगावातल्या शिकलेल्या घरांतही ते आहेच, फक्त झाकून. लहान मुलाचं चांगलं कुणी बोलत नाही. गोरं पोर असलं तर त्याला काळतोंड्या म्हणायचं. गुटगुटीत असलं तर "वाळून चाललंय" म्हणायचं. चांगलं बोललं की दृष्ट लागते. त्यात बोलणारी मूल नसलेली असली तर बघायलाच नको.

आणि आमच्या योजनेत मोबाईलवर प्रश्न होते. बाळ नीट जेवतं का? झोपतं का? बसतं का, उभं राहतं का? गावातल्या प्रत्येक आईनं सांगितलं, कुठं काय, खात न्हाय, झोपत न्हाय, आजून काय बी येत न्हाय. शेजारी पोर भाकरीचा तुकडा चघळत उभं असायचं. मालुबाई जे सांगितलं ते इमानानं मोबाईलवर भरत गेली. वर्षाच्या शेवटी मालुबाईचं गाव तालुक्यात सगळ्यात मागासलेल्या बाळांचं गाव ठरलं.

सुपरवायझर मॅडम आल्या. धारवाडकडच्या, मराठी मोडकं बोलणाऱ्या, मनानं वाईट नव्हेत. पण त्यांनाही वरून बोलणी बसली होती. मालुबाईला समोर बसवून त्यांनी विचारलं, की वर्षभर तू काय केलंस? बेंगळुरूचं पथक पुढल्या आठवड्यात येतंय, या आकड्यांवर योजना राहील का? मग प्रशिक्षणाचं पुस्तक उघडून दाखवलं. मुलानं नवीन काही केलं की आईसमोर मोठ्यानं शाबासकी द्यायची, म्हणजे आईला हुरूप येतो. हे तू करतेस का? मालुबाईनं भीत भीत विचारलं, की मनातल्या मनात दिली तर चालेल का? मॅडम हसल्या. उद्या माझ्यासमोर करून दाखव, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी रुक्माबाईच्या घरी गेल्या. रुक्माबाई म्हणजे गावातली जबर म्हातारी, तोंडाची तिखट. सून तेजस्वी बारावी शिकलेली, गप्प राहणारी. नातू रवीराज अजून वर्षाचा नव्हता. मालुबाई नेहमीसारखी खाकरून उभी राहिली, मॅडमनी सरळ कडी वाजवली. आत बसल्या, आणि त्याच वेळी रवीराजनं पेटीची कड सोडून दोन पावलं टाकली. मॅडमनी मालुबाईकडं बघितलं. मालुबाई बोलली. घाबरलेलं माणूस बोलायला लागलं की त्याला थांबता येत नाही. किती लवकर चालायला लागला, म्हणाली. केवढा गुणाचा, पाय किती भरलेत, असं पोर अख्ख्या गावात नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

रुक्माबाईनं नातवाला उचलून आत नेलं आणि चहा न विचारता दोघींना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत अंग तापलं. रुक्माबाईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या आणि घरातली सगळी माणसं ठसका लागायची वाट बघत उभी राहिली. ठसका लागला नाही. मिरच्यांचा खकाणा उठला नाही म्हणजे दृष्ट जबर, असा समज आहे. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात ही बातमी पोचली होती. ज्या घरांत मालुबाईच्या मांडीवर पोरं दिली जात होती, तिथल्या बायका तिला लांबून बघूनच दार लोटून घेऊ लागल्या.

तिसऱ्या दिवशी मालुबाई माझ्याकडं आली. बसनं बेळगावला आली, खडेबाजारातून चालत. माझ्या फाटकापाशी किती वेळ उभी होती देव जाणे, मी झाडांना पाणी घालायला गेले तेव्हा दिसली. मान खाली, पदर डोळ्यांवर ओढलेला. मला वाटलं डोळे आलेत.

मी पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. सगळं सांगितलं आणि मी चिडले. पोटाचा आजार आहे, म्हटलं, गावात पाणी कसं आहे ते तुला माहीत आहे, दृष्ट-बिष्ट काही नसतं. तू शिकलेली बाई, हे माझ्यापुढं काय बोलतेस? ती ऐकून घेत राहिली. मला वाटलं होतं तिला गावाची भीती वाटत असेल, मॅडमची, नोकरीची. तसं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या डोळ्यांत काय तरी असंल. तिथं पाळण्याकडं बोलवत न्हाईत ते उगंच न्हवं. मी बघितलं आनि पोर पडलं."

ती खरोखरच स्वतःला घाबरली होती. इतकी, की माझ्या अंगणातून एक मांजरी पिलं घेऊन चालली होती, तर हिनं तोंड भिंतीकडं केलं.

मी विचारलं, पोराला दवाखान्यात नेलं का? नाही. का नाही? रुक्माबाई म्हणते, जिची दृष्ट तिनंच काढायची, तोवर पोर घराबाहेर काढायचं नाही. पाणीही बंद केलंय, दिलं की बाहेर येतंय म्हणून. पोराचा बाप दोन पाळ्या एकदम करतो, घरात शब्द म्हातारीचा.

मी मॅडमना फोन लावला. त्या घाबरल्या. गाडी बघते म्हणाल्या, पण सेविकेनं दृष्ट काढायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पथक येतंय, कुणी कळवलं तर योजनाच जाईल, मला वर लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. आणि रिक्षा बोलावली.

वाटेत मी मालुबाईला पढवत होते, की जाऊन ठणकावून सांगायचं, मुलाला द्या. ती पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसली होती. तिनं एकदाच मागं वळून विचारलं, की दृष्ट काढली आणि पोर गेलं तर? आणि नाही काढली आणि गेलं तर? मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात घे.

रुक्माबाईच्या घराबाहेर बायका जमल्या होत्या. आम्हाला बघून बाजूला झाल्या. म्हणजे मला वाट दिली असं मला वाटलं, पण ती वाट मालुबाईपासून लांब राहण्यासाठी होती. मालुबाई अंगणाच्या कडेलाच थांबली. या वेळी मी कडी वाजवायला गेले तर दार उघडंच होतं.

आत तेजस्वी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मी पोराकडं बघितलं. डोळे खोल गेलेले. टाळू बसलेली. रडत होतं, पण आवाज नव्हता आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं. ठणकावून बोलायचं ठरवून आले होते ते राहिलं, मी वाकून पोराच्या कपाळाला हात लावला. रुक्माबाई मीठ-मोहऱ्यांची वाटी घेऊन तयारच होती. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. दारात येऊन अंगणाकडं बोट केलं.

"ये आत. तूच बघितलंस, तूच काढ."

मालुबाई हलली नाही. पदर पार नाकापर्यंत ओढलेला.

"काढते आत्या," ती म्हणाली. "पर हितं न्हाय."

"मग कुठं, देवळात?"

"दवाखान्याच्या पायरीवर. हितं मी काढली आनि परत माझी नदर पडून काय झालं, तर मी काय करू? तिथं डॉक्टर तरी हाय. मला एकटीला ह्याचं भ्या वाटतंय, आत्या. माझं मला भ्या वाटतंय."

रुक्माबाईनं हातातली वाटी छातीशी धरली. इतका वेळ ती रागावलेली आहे असं मी समजत होते. राग नव्हता. ती तीन दिवस त्याच भीतीत बसली होती, फक्त तिच्याकडं ती कुणावर तरी टाकायची सोय होती. समोरची बाई स्वतःच म्हणाली, व्हय, माझ्या डोळ्यांत असंल, आणि म्हातारीपाशी भांडायला काही उरलं नाही. ती काही बोलायच्या आत तेजस्वी पोराला घेऊन उठली आणि आमच्या अंगावरून रिक्षाकडं गेली. त्या सुनेला मी तोवर सासूला न विचारता पाणी पितानाही बघितलं नव्हतं.

मग रुक्माबाई आली, वाटी घेऊनच. मागं आम्ही तिघी आणि पोर, पुढं मालुबाई. सबंध वाटभर तिनं दोन्ही हातांनी पदर डोळ्यांवर दाबून धरला होता, मान वळायला नको म्हणून. तेजस्वी पोराच्या नाकाशी बोट धरून बसली होती. बोटाला श्वास लागतोय की नाही ते बघत. मी ते बोट बघत होते.

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर मालुबाईनं दृष्ट काढली. डोळे मिटलेले. मूठ पोरावरून उतरवायची तर पोर कुठं आहे ते दिसायला हवं, म्हणून रुक्माबाईनंच तिचं मनगट धरलं आणि फिरवलं. "आल्यागेल्याची, घरादाराची, माझी" असं मालुबाई पुटपुटत होती. 'माझी' म्हणताना तिची मूठ सैल झाली. अर्धं मीठ पायरीवर सांडलं. रखवालदार कानडीतून ओरडत आला. तेवढ्यात तेजस्वी पोराला घेऊन आत पळाली होती.

सलाईन लागलं. तरणा डॉक्टर रुक्माबाईवर कानडी-मराठी दोन्हीत तापला, की पाणी तोडायला तुम्हाला कुणी सांगितलं? मग त्यानं पोराची कातडी चिमटीत धरून बघितली आणि आईला विचारलं, तुम्ही काहीच दिलं नाही का? तेजस्वीनं सासूकडं बघितलं, मग जमिनीकडं. "चमच्या-चमच्यानं देत होते," ती म्हणाली. "मीठ-साखरेचं पाणी. चोरून. मालुकाकूनं शिकवलंतं." डॉक्टर म्हणाला, त्यानंच तगलंय.

मालुबाई हे ऐकायला तिथं नव्हती. ती बाहेर गेटजवळ रस्त्याकडं तोंड करून बसली होती. मी जाऊन सांगितलं, पोरानं डोळे उघडले. तिनं विचारलं, "रडला?" मी म्हटलं, रडतोय, दवाखाना डोक्यावर घेतलाय. मग ती रडली. उठून आत मात्र आली नाही.

मॅडमनी वर लिहिलं. "सेविकेने मुलास वेळेत दवाखान्यात पोहोचवले", एवढंच. पायरीवरच्या मिठाचा त्यात उल्लेख नाही. पुढं समितीत लोक म्हणायला लागले, की काय हुशारी केली, दृष्टीच्या निमित्तानं म्हातारीला दवाखान्यात आणलं. पहिल्या बैठकीतले ते गृहस्थही म्हणाले. मी प्रत्येक वेळी सांगते, हुशारी नव्हती हो. ती निव्वळ घाबरली होती. कुणाला ऐकायचं नसतं. सरकारी पैशानं हुशार बाई नेमली होती, हे त्यांना बरं वाटतं.

पथक आलं ते पंधरवडाभर उशिरा. तोवर बहुतेक दारं किलकिली झाली होती, पण मालुबाई कुठंच आत जात नव्हती. अंगणातूनच पाठ करून बोलायची. पथकाला रुक्माबाईच्याच घरी न्यायचं मॅडमनी ठरवलं. एक अधिकारी आणि एक बाई, दोघं सतरंजीवर बसले. मॅडमनी भाषांतर करत विचारलं, मुलगा आता नीट खातो का? रवीराज तेव्हा दोन हातांत भाकरीचे दोन तुकडे घेऊन उभा होता, एक चावत, एक राखून.

"कुठं काय," रुक्माबाई म्हणाली. "काय बी खात न्हाय."

मला हसू आवरेना. अधिकाऱ्यानं पोराकडं बघितलं, भाकरीकडं बघितलं, आणि मोबाईल खाली ठेवला. विचारलं, मग या सेविकेचा तुम्हाला उपयोग काय? मॅडमचा चेहरा पडला. रुक्माबाई उठली, दाराशी गेली. बाहेर मालुबाई पाठमोरी उभी होती. म्हातारीनं तिला दंडाला धरून आत आणलं आणि पोरासमोर बसवलं. तिचा पदर डोळ्यांवरून मागं सारला. काजळाची डबी काढून पोराच्या गालावर ठसठशीत तीट लावली, तसंच काजळाचं बोट मालुबाईच्या हनुवटीलाही टेकवलं.

"आता बोल," म्हणाली. "सायबास्नी ऐकू दे. चालतोय कसा ते बोल."

रवीराज भाकरीसकट चार पावलं टाकून तिच्या गुडघ्यावर आदळला. मालुबाईनं पदर परत ओढायला हात नेला. रुक्माबाईनं तो हात धरून ठेवला.

"बरा चालतोय," मालुबाई शेवटी म्हणाली. "चांगला चालतोय."

एका वर्षाची मंजुरी आली आहे. पुढल्या वर्षी पुन्हा हेच.

परवा सकाळच्या पहिल्या बसनं मी त्या गावी उतरले तर रुक्माबाईच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, मालुबाई उभी. पिशवी नव्हती, कामाचा दिवसही नव्हता. मी विचारलं, इथं काय करतेस? आदल्या दिवशी भेटीत ती रवीराजला शहाणा म्हणाली होती. चांगलं बोलली की दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन इथं थांबते, म्हणाली. मी म्हटलं, मग आत जाऊन बघ ना. तिनं मान हलवली. मी चिडून पुढं जाणार होते, पण गेले नाही. तिच्याबरोबर उभी राहिले. थोड्या वेळानं आतून पोर रडलं, चांगलं ठणठणीत, आणि रुक्माबाई त्याला काळतोंड्या म्हणून ओरडली.

मालुबाईनं श्वास सोडला आणि घरी गेली.